कै. पंडित विष्णु नारायण भातखंडे

वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे काही पालक आम्हांस भेटून एक विनंती करतात. मुलाची पेटी किंवा तबला काही महिने बंद ठेवावा, कारण गाण्याने अभ्यास मागे पडतो, असे त्यांचे म्हणणे असते. ही काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्यांनी बी.ए.ची तयारी, कायद्याचा अभ्यास आणि ध्रुपदाची तालीम ही सर्व अवघ्या तीन-चार वर्षांत पार पाडली, अशा एका गृहस्थांचे चरित्र ह्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

विष्णु नारायण भातखंडे ह्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे ता. १० ऑगस्ट १८६० रोजी झाला. तो दिवस गोकुळअष्टमीचा होता, आणि पुढे ह्या मुलास लहानपणीच बासरीचा नाद लागला. हा निव्वळ योगायोग होय. पण असे योगायोग लक्षात राहतात खरे. घर सामान्य स्थितीचे होते. मुलाने शाळा संपवावी, कॉलेजात जावे आणि प्रतिष्ठेचा व्यवसाय धरावा, हीच त्या काळच्या अशा घराची अपेक्षा असे, व विष्णूने ती पुरीही केली.

परंतु बासरी सुटली नाही, उलट तिच्या जोडीस सतार आली. विद्यार्थिदशेतच ते वल्लभदास दामुलजी नामक सतारवादकाकडे शिकू लागले. आजच्या मुलांस ह्यात विशेष काही वाटणार नाही. कारण आज गायनवादनाच्या परीक्षा होतात, प्रमाणपत्रे मिळतात, आणि पदक मिळविणाऱ्या मुलाचे छायाचित्र वडील हौसेने काढून घेतात. त्या वेळी गोष्ट निराळी होती. ही विद्या दरबारी उस्तादांच्या व नायकिणींच्या हाती होती. सभ्य गृहस्थ गाणे आवडीने ऐकत. मात्र आपला मुलगा गवयांच्या बैठकीत जाऊन बसतो हे कळले असता त्यांस काळजी वाटे. म्हणून कॉलेजच्या विद्यार्थ्याने सतार हाती धरणे ह्यात थोडेसे धाडसच होते.

त्यांच्या आयुष्यातील ह्यापुढील चार-सहा वर्षे आम्हांस सर्वांत प्रिय आहेत. मुंबईच्या पारशी मंडळींत कैखुश्रू काबराजी ह्या गृहस्थांच्या पुढाकाराने १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली होती. प्रतिष्ठित लोकांनी स्वतः गाणे शिकावे व चांगल्या वातावरणात ऐकावे, हा तिचा हेतु. १८८४ साली, म्हणजे बी.ए. होण्यापूर्वी एकच वर्ष, भातखंडे ह्या मंडळीत दाखल झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर ह्यांजकडून ध्रुपदे व अली हुसेन ह्या उस्तादांकडून ख्याल त्यांनी घेतले. १८८५ साली बी.ए., १८८७ साली एल्‌एल्.बी.; आणि हे सारे होत असता मंडळीतील तालीम चालूच. पुस्तकांचे ओझे बाजूस ठेवून सतार हाती घेणारा तो चोविशीतील तरुण आमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि आमच्याच वसतिगृहातील दोन-तीन मुले आम्हांस आठवतात. त्यांची नावे येथे देत नाही; त्यांची त्यांस ठाऊक आहेत.

ह्याच काळात त्यांस एक कोडे पडले असले पाहिजे. एकच राग एक उस्ताद एका रीतीने गाई व दुसरा दुसऱ्या रीतीने. असे का, असे विचारल्यास गुरूने असेच शिकविले ह्यापलीकडे उत्तर मिळणे कठीण. संस्कृत ग्रंथ काढून पाहावेत तर त्यांतील वर्णन चालू गाण्याशी जुळेना. आमच्या मते येथे त्यांस कायद्याचे शिक्षण उपयोगी पडले. प्रत्येक साक्षीदाराचे ऐकावयाचे, लिहून घ्यावयाचे, दुसऱ्याच्या जबानीशी ताडून पाहावयाचे, आणि कोणी केवळ वयाने अथवा कीर्तीने मोठा आहे म्हणून निकाल द्यावयाचा नाही, ही वकिलाची रीत त्यांनी संगीतास लावली.

वकिली मात्र त्यांस फार लाभली नाही, किंवा त्यांनीच ती फार मनावर घेतली नाही. काही काळ कराचीस व नंतर मुंबईस त्यांनी व्यवसाय केला. १९०० साली पत्नी वारली. १९०३ साली एकुलती कन्याही गेली. त्यानंतर त्यांनी संसाराचा व वकिलीचा पाश तोडला, आणि उरलेले आयुष्य एका विद्येस दिले. त्या दुःखाविषयी अधिक लिहिण्याचे धाडस आमच्याने होत नाही.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षित ह्या थोर विद्वानांची त्यांनी भेट घेतली. व्यंकटमखी ह्यांनी सतराव्या शतकात लाविलेली बाहत्तर मेलांची व्यवस्था त्यांनी अभ्यासिली, व आपल्याकडील रागांसही अशीच काही व्यवस्था लावता येईल असे त्यांच्या मनाने घेतले. तीतूनच पुढे दहा थाट निघाले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी. ज्या विद्यार्थ्यांजवळ पेटी आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. पांढरी एक हा षड्‌ज धरून पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजविल्या की बिलावल होतो. मध्यमाच्या पांढऱ्या पट्टीऐवजी काळी तीन दाबली की कल्याण. एका पट्टीने सारा चेहरा कसा पालटतो हे कानांस तत्काळ कळते.

१९१० साली चतुरपंडित ह्या टोपणनावाने त्यांचा संस्कृत ग्रंथ श्रीमल्लक्ष्यसंगीतम् प्रसिद्ध झाला. पुढे हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार मोठे भाग त्यांनी आपल्या मराठीत लिहिले, आणि तेही गुरुशिष्यांच्या संवादरूपाने. शिष्य शंका काढतो, गुरु उत्तर देतो, शिष्याचे समाधान न झाल्यास तो पुन्हा विचारतो. उस्तादांपुढे बसलेल्या त्या जुन्या विद्यार्थ्यास जे मोकळेपणाने विचारता आले नसेल, ते सर्व ह्या शिष्याच्या तोंडी आले आहे असे वाचताना वारंवार वाटते. शिवाय क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सुमारे १,८०० चिजा त्यांनी स्वरलिपीसह छापविल्या. ती स्वरलिपी इतकी सोपी आहे की लहान मुलासही एका दिवसात यावी : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली टिंब व तार सप्तकास वर टिंब.

त्यांचे सर्वच मत आम्हांस मान्य आहे असे नाही. काही राग कोणत्याही थाटात नीट बसत नाहीत हे जाणकार सांगतात, आणि निरक्षर उस्तादांविषयी लिहिताना त्यांची लेखणी कधीकधी कठोर होते. ज्यांच्या कंठातून ह्या चिजा घेतल्या त्यांचे ऋण मोठे होते. येथे दुसऱ्या विष्णूचेही स्मरण होते. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे बालपणी शोभेच्या दारूने अधू झाले, त्यामुळे त्यांची शाळा सुटली, आणि मिरजेस गुरुगृही राहून ते गवई झाले. त्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिले. एकाने कॉलेजच्या वाटेने यावे व दुसऱ्याने शाळा सोडावी लागून यावे, आणि दोघांनीही अखेरीस शाळाच काढाव्यात, हे आम्हांस मोठे नवलाचे वाटते.

कारण भातखंडे ह्यांनीही तेच केले. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत महाविद्यालय निघाले व १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज. आपले लाडके शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर ह्यांच्या हाती त्या कॉलेजचे काम पुढे आले. आणि हे शिष्यही मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते! त्या कॉलेजास पुढे भातखंडे ह्यांचेच नाव मिळाले.

१९३३ साली पक्षाघाताने ते अंथरुणास खिळले, आणि ता. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले. क्रमिक पुस्तकमालिकेचा सहावा भाग त्यांच्या पश्चात बाहेर आला.

मालिकेच्या पहिल्या भागात दहा थाटांचे दहा मुख्य राग आहेत. आमच्या संग्रहातील त्याची प्रत फार हाताळली गेल्यामुळे तिची काही पाने सुटली होती. ती आता पुन्हा बांधून घेतली आहे. ज्या विद्यार्थ्यांस ती पाहावयाची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत मागून घ्यावी, मात्र हात धुऊन यावे.