एकनिष्ठ कायदासेवक बॅस रीव्हज

शालेय वार्षिकांत ज्यांचीं चरित्रें येतात ते पुरुष बहुधा विद्वान्, वक्ते किंवा ग्रंथकार असतात. आज आम्ही ज्या पुरुषाचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों, त्यास लिहितां वाचतां मुळींच येत नव्हतें. तो जन्मानें गुलाम होता. तथापि अमेरिकेंतील एका अत्यंत बेबंद मुलुखांत त्यानें ३२ वर्षें कायद्याची चाकरी केली. आणि ती अशी केली कीं, शेवटीं त्याच कायद्यानें त्याच्या स्वतःच्या घराचें दार ठोठावलें, तेव्हांही तो मागें सरला नाहीं. त्याचें नांव बॅस रीव्हज.

बॅसचा जन्म १८३८ सालच्या जुलै महिन्यांत आर्कान्सॉ संस्थानांतील क्रॉफर्ड काउंटींत झाला. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा असें म्हणावयास हरकत नाहीं. काउंटींतील शांतता राखणारा जो मुख्य अंमलदार त्यास शेरीफ म्हणतात, व त्याची निवड लोक मतें देऊन करितात. त्या काळीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत आफ्रिकेंतून आणलेल्या लोकांची व त्यांच्या संततीची गुरांप्रमाणें खरेदीविक्री होत असे. बॅसचे आईबाप अशा गुलामांपैकींच होते. त्यांचा धनी विल्यम रीव्हज हा आर्कान्सॉच्या कायदेमंडळाचा सभासद होता. गुलामांस धन्याचेंच आडनांव लागे, म्हणून बॅसही रीव्हज झाला. १८४६ च्या सुमारास हें कुटुंब टेक्सस संस्थानांतील ग्रेसन काउंटींत राहावयास गेलें, व तेथें धन्याचा मुलगा जॉर्ज हा पुढें काउंटीचा शेरीफ झाला. म्हणजे बाप कायदे करणारा आणि मुलगा कायदे चालविणारा, अशा घरीं बॅसचें लहानपण गेलें. परंतु त्या कायद्याच्या दृष्टीनें बॅस हा माणूस नसून मालमत्ता होता.

१८६१ सालीं उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांत युद्ध जुंपलें. जॉर्ज रीव्हज दक्षिणेच्या बाजूनें घोडदळांत गेला. या धामधुमींत बॅस निसटला. पत्ते खेळतां खेळतां धन्याशीं तंटा झाला, बॅसनें त्यास ठोसा लगावला, आणि आतां आपली धडगत नाहीं हें जाणून तो पळाला, अशी हकीकत त्याच्या कुटुंबांत सांगत असत. टेक्ससच्या उत्तरेस रेड नदीपलीकडे इंडियन टेरिटरी नांवाचा विस्तीर्ण मुलूख होता. चेरोकी, क्रीक, सेमिनोल, चॉक्टॉ व चिकसॉ या मूळच्या रहिवाशांच्या जातींस अमेरिकन सरकारनें त्यांच्या वाडवडिलांच्या भूमींतून हुसकून तेथें नेऊन वसविलें होतें. बॅस त्यांच्यांत जाऊन राहिला. परागंदा झालेल्या त्या गुलामास परागंदा झालेल्या लोकांनींच आसरा दिला. त्यांच्या भाषा त्यानें तोंडीं शिकून घेतल्या, आणि तेथील नद्यानाले, उतार व जंगलवाटा त्यास स्वतःच्या तळहाताप्रमाणें ठाऊक झाल्या. त्यास पाटी पेन्सिल कधीं मिळाली नाहीं; त्याची शाळा ती हीच.

१८६५ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी नाहींशी झाली. रीव्हज आतां कोणाचे नव्हते. त्यांनीं आर्कान्सॉंतील व्हॅन ब्युरेन गांवाजवळ जमीन घेतली, नेली जेनी नांवाच्या स्त्रीशीं संसार थाटला, आणि शेती व घोड्यांची पैदास यांवर आपल्या मोठ्या परिवाराचा निर्वाह चालविला. येथेंच हें चरित्र संपलें असतें तरी त्यांस कोणी नांवें ठेविलीं नसतीं.

परंतु शेजारच्या इंडियन टेरिटरीची स्थिति फार बिकट झाली होती. तेथें काउंटीचा शेरीफ नव्हता. मूळच्या रहिवाशांचीं स्वतःचीं न्यायालयें व शिपाई होते. पण त्यांचा अधिकार त्यांच्याच लोकांपुरता असे. बाहेरून आलेल्या गुन्हेगारावर त्यांची सत्ता चालत नसे. त्यामुळें इतर संस्थानांतले खुनी, दरोडेखोर व घोडेचोर तेथें येऊन लपत. अशांचा न्याय करणारें संघसरकारचें कोर्ट आर्कान्सॉच्या सरहद्दीवरील फोर्ट स्मिथ या गांवीं बसे, आणि सुमारें ७४,००० चौरस मैलांचा मुलूख त्याच्या हुकमतीखालीं होता. १८७५ सालीं आयझॅक पार्कर हे तेथें न्यायाधीश होऊन आले. त्यांच्या कारकीर्दींत ७९ गुन्हेगार फांसावर गेले, यावरून त्या काळची कल्पना येईल. मुलूख ताब्यांत आणण्यासाठीं सुमारें २०० डेप्युटी मार्शल नेमण्याचें ठरलें. रस्ते व भाषा जाणणारा आणि मूळच्या रहिवाशांचा विश्वास बसलेला मनुष्य हवा होता. तेव्हां रीव्हज यांस बोलावणें आलें. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस या जागेवर नेमल्या गेलेल्या अगदीं पहिल्या कृष्णवर्णीय पुरुषांत त्यांची गणना होते.

हें काम कसें चाले तें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. डेप्युटीस ठराविक पगार नसे. प्रवासाचा मैलावारी भत्ता आणि पकडून आणलेल्या इसमामागें थोडी फी, एवढीच त्याची प्राप्ति. बरोबर एक गाडी, एक स्वयंपाकी व एखाद दुसरा मदतनीस घेऊन तो निघे. वॉरंटांतील माणसें हुडकीत शेंकडों मैल हिंडे. सांपडलेल्यांस रात्रीं सांखळीनें गाडीस बांधून ठेवी. आणि कित्येक आठवड्यांनीं सर्वांस फोर्ट स्मिथ येथें हजर करी. पकडतांना आरोपी मेला तर फी बुडे आणि पुरण्याचा खर्चही पुष्कळदां डेप्युटीच्याच अंगावर येई. कित्येक डेप्युटी या फेऱ्यांतून परत आलेच नाहींत.

रीव्हज यांस वाचतां येत नसे, मग वॉरंटें कशीं बजावीत? निघण्यापूर्वीं ते प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचवून घेत, त्यांतील नांव व गुन्हा पाठ करीत, आणि कोणत्या कागदावरील अक्षरांची आकृति कशी आहे तें ध्यानांत ठेवीत. पुढें योग्य इसमापुढें ते योग्य कागद धरीत, व त्यांत त्यांची चूक होत नसे. आमच्यापैकीं किती जणांस धड्यांतील दहा ओळी अशा पाठ राहतात, हा प्रश्न ज्याचा त्यानें स्वतःस विचारावा.

बळापेक्षां युक्तीवर त्यांचा भर अधिक असे. एका वेळची गोष्ट अशी सांगतात कीं, दोन भाऊ फरारी असून आईच्या घरीं येऊन जाऊन असतात असें त्यांस कळलें. त्यांनीं आपली मंडळी २८ मैल दूर ठेविली. झिजलेले जोडे, फाटके कपडे आणि गोळ्यांनीं भोंकें पडलेली टोपी घालून ते पायीं त्या घरीं गेले. आणि आपल्यामागेंही शिपाई लागले आहेत असें सांगून त्यांनीं भाकर मागितली. म्हातारीनें जेवूं घातलें व रात्रीं मुलगे आल्यावर तिघांनीं मिळून राहावें असें सुचविलें. पहांटे ते दोघे जागे झाले तों त्यांच्या हातांत बेड्या! एकही गोळी न झाडतां रीव्हज यांनीं त्यांस २८ मैल पायीं चालवीत तळावर आणलें.

प्रत्येक वेळीं असें साधलें नाहीं. जिम वेब नांवाचा एक मुकादम गुरांच्या मोठ्या वाड्यावर कामास होता. विल्यम स्टुअर्ट नांवाच्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकानें आपल्या शेतांतील गवत जाळलें असतां वणवा वाड्याच्या हद्दींत गेला. त्या तंट्यांत वेबनें त्या उपदेशकास ठार केलें. रीव्हज यांनीं त्यास पकडून आणलें. तो जामिनावर सुटून फरारी झाला. १८८४ सालीं पुन्हां गांठ पडली. वेबच्या गोळ्या रीव्हज यांच्या खोगिरास व कोटाच्या बटणास चाटून गेल्या; रीव्हज यांच्या गोळीनें तो कोसळला. मरतांना त्यानें आपल्या शत्रूची वाखाणणी करून त्यास आपलें पिस्तूल भेट दिलें, असें सांगतात.

याच सालीं रीव्हज यांच्यावर मोठें संकट आलें. तळावर असतांना त्यांच्या बंदुकीची गोळी लागून त्यांचा स्वयंपाकी मरण पावला. पुढें त्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यांत आला, आणि ज्या तुरुंगांत त्यांनीं शेंकडों कैदी आणून घातले होते त्याच तुरुंगांत त्यांस राहावें लागलें. बंदूक चुकून सुटली असें त्यांचें म्हणणें होतें. १८८७ सालीं न्यायाधीश पार्कर यांच्याच कोर्टांत खटला चालून पंचांनीं त्यांस निर्दोषी ठरविलें. परंतु वकिलांच्या खर्चांत त्यांची सारी पुंजी गेली. मनुष्य सूडबुद्धीचा असता तर त्यानें ती नोकरी सोडून दिली असती. रीव्हज पुन्हां घोड्यावर बसले.

पुढें १८९३ सालीं त्यांची बदली टेक्ससमधील पॅरिस गांवच्या कोर्टाकडे व १८९७ सालीं मस्कोगी येथें झाली. आपल्या कारकीर्दींत त्यांनीं ३,००० हून अधिक लोकांस पकडलें व १४ जण त्यांच्या हातून मेले, असे आंकडे त्या काळच्या वृत्तपत्रांत आढळतात. अनेकदां गोळ्या टोपीस, कमरपट्ट्यास व लगामास लागल्या. त्यांच्या शरीरास मात्र जखम झाली नाहीं. ते ख्रिस्ती मंडळींत भक्तिमान् म्हणून ओळखले जात, आणि रात्रीं तळावर सांखळीनें बांधलेल्या कैद्यांस देवाधर्माच्या गोष्टी सांगत. परंतु धर्माच्या नांवाखालीं त्यांनीं कोणास सूट दिली नाहीं. ज्या पाळकानें त्यांस बाप्तिस्मा दिला होता तोच चोरटी दारू विकूं लागला, तेव्हां त्यासही त्यांनीं पकडून नेलें, अशी त्यांची ख्याति आहे.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे वळतों, ज्याकरितां विशेषतः आईबापांनीं हें चरित्र वाचावें अशी आमची इच्छा आहे. १९०२ सालीं मस्कोगी येथें रीव्हज यांचा मुलगा बेनी यानें मत्सराच्या भरांत आपल्या बायकोचा खून केला व तो पळून गेला. वॉरंट निघालें, परंतु बापाच्या मुलास धरावयास जाण्यास इतर डेप्युटींचें मन घेईना. मार्शलसाहेबांसही तो कागद रीव्हज यांच्या हातीं देणें जड वाटलें. दोन दिवस असे गेले, असें सांगतात. शेवटीं रीव्हज यांनीं स्वतः होऊन तें वॉरंट मागून घेतलें. ते एकटे गेले, आणि मुलास घेऊन परत आले.

वाचकहो, त्या वाटेवर बापलेकांचें काय बोलणें झालें याची नोंद नाहीं, आणि आम्ही ती कल्पनेनें भरून काढूं इच्छीत नाहीं. बापाच्या मनांत माया नव्हती असें कोण म्हणेल? परंतु जिला मारलें तीही कोणाची तरी मुलगी होती. सत्तावीस वर्षें त्यांनीं दुसऱ्यांच्या आयांच्या डोळ्यांदेखत त्यांचे मुलगे बांधून नेले होते. आपल्या मुलाची पाळी येतांच कागद बाजूस सारला असता तर मागचें सर्व काम म्हणजे केवळ जुलूम ठरला असता. बेनीस जन्मठेप झाली व त्यास कॅन्सस संस्थानांतील लेव्हनवर्थ येथील तुरुंगांत पाठविलें. सुमारें अकरा वर्षांनीं तो सुटला; पण त्यास मोकळा पाहणें बापाच्या नशिबीं नव्हतें.

१९०७ सालच्या नोव्हेंबरांत इंडियन टेरिटरी मोडून ओक्लाहोमा हें नवें संस्थान झालें. मुलुखाच्या काउंट्या पडल्या, लोकांनीं निवडलेले शेरीफ आले, आणि जुन्या डेप्युटींचें काम सरलें. नव्या कायदेमंडळानें अगदीं पहिला कायदा केला तो असा कीं, आगगाडींत काळ्यांचे डबे निराळे व गोऱ्यांचे निराळे असावे. ज्या भूमींत ३२ वर्षें जिवावर उदार होऊन ज्यांनीं कायदा नेऊन पोंचविला, त्या रीव्हज यांस तेथील कायद्यानें शेजारीं बसण्यास अपात्र ठरविलें. आम्हांस ही गोष्ट सांगतांना लाज वाटते. पण ती झांकून ठेवणें हा सत्याचा अपमान होईल.

वयाच्या ६९ व्या वर्षीं रीव्हज मस्कोगी शहराच्या पोलिसांत साधे शिपाई झाले आणि काठी टेकीत आपली गस्त घालूं लागले. त्यांच्या टापूंत गुन्हा होत नसे, अशी त्या गांवीं आठवण राहिली आहे. दोन वर्षांनीं मूत्रपिंडाच्या विकारानें ते अंथरुणास खिळले, व १९१० सालच्या जानेवारीच्या १२ तारखेस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या कबरेची नेमकी जागाही पुढें लोक विसरून गेले. जवळजवळ शंभर वर्षें त्यांचें नांव मागें पडलें होतें. २०११ सालीं मस्कोगीजवळील आर्कान्सॉ नदीवरच्या पुलास त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि २०१२ सालीं फोर्ट स्मिथ येथें त्यांचा घोड्यावर बसलेला भव्य पुतळा उभा राहिला.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांत शौर्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, व त्या तुम्हांस प्रथम आवडतील. पण गोळीपुढें उभें राहणारे पुरुष जगांत बरेच होऊन गेले. आपल्या माणसापुढें न्यायाच्या बाजूनें उभे राहणारे थोडे. वर्गांत मित्राची चूक झांकावी कीं खरें सांगावें, घरांत आपल्या मुलाचा दोष शेजाऱ्याच्या मुलावर ढकलावा कीं पदरांत घ्यावा, हे प्रश्न लहान दिसतात. पण ते त्याच जातीचे आहेत. रीव्हज यांस ज्या कायद्यानें जन्मतः माणुसकी नाकारली, आणि म्हातारपणीं पुन्हां अवमान केला, त्याच्याशींही ते इमानानें वागले. कारण कायदा सर्वांस सारखा असावा ही गोष्ट त्यांनीं प्रथम आपल्या घरीं खरी करून दाखविली. ज्यांस वाचतां येतें अशा आम्हां सर्वांस इतकें जरी वाचून कळलें, तरी त्या निरक्षर पुरुषाचें ऋण अंशतः फिटेल.