गळाचे शास्त्र लिहिणारा राजा

आंबिवलीशेजारच्या कल्याणचे नामसाधर्म्य असलेले चालुक्यांचे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. तेथे सोमेश्वर तिसरा याने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले. पिता सहावा विक्रमादित्य याच्या पराक्रमाचा वारसा त्याला पेलला नाही. होयसळांसारखे मांडलिक प्रबळ झाले. मात्र विद्वत्तेमुळे तो सर्वज्ञभूप म्हणून ओळखला गेला.

त्याच्या ‘मानसोल्लास’ या शंभर अध्यायांच्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे गळाने मासे धरण्याच्या क्रीडेवरील प्रकरण आहे. माशांच्या जाती आणि जातीनुसार द्यावयाचे खाद्य यांचा सूक्ष्म विचार त्यात आढळतो. अशाच सूक्ष्मतेची गरज आजही काठी निवडताना भासते. लांब काठीने आमिष काठापासून दूर सोडता येते. परंतु ती जड वा जाड शेंड्याची असेल, तर माशाने आमिषाला केलेला हलका स्पर्श हाताला कळतच नाही. म्हणून काठी लांब असूनही वजनाने हलकी आणि शेंड्याला बारीक असावी लागते.

सोमेश्वराचे साम्राज्य त्याच शतकात लयाला गेले. ग्रंथ मात्र टिकला. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. रणांगणावर मागे पडलेल्या या राजाला कीर्ती मिळाली ती त्याच्या निरीक्षणामुळे.