सरावपाठ आणि ताराबाई मोडक

आमच्या सीमाभागात भावी प्राथमिक शिक्षकांचे सरावपाठ पाहण्याचा योग आम्हाला अनेकदा आला. टाचण सुवाच्य, फळ्यावरचे अक्षर वळणदार, तक्ता रंगीत. मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले. गुणही बरे मिळतात. घरी वेगळीच बोली बोलणाऱ्या पोराला त्यातले किती कळले, याचा रकाना मात्र त्या वहीत आम्हाला क्वचितच आढळला. अशा वेळी ताराबाई मोडक आठवतात.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजी. बालपणाचा काही काळ इंदूरला गेला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी झालेला विवाह १९२१ मध्ये संपला आणि लहान मुलीला घेऊन ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. शिक्षिका घडवण्याचे ते काम सुखाचे होते. पण ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्तीत गेल्या. मराठी बाई गुजरातीत लिहू लागल्या! (भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हा मंडळींनी हेही ध्यानात ठेवावे.)

माँटेसरी पद्धतीत शिक्षिकेने बोलण्याआधी मुलाकडे पाहायचे असते. हे सूत्र गिजुभाई आणि ताराबाईंनी आपल्या मातीत रुजवले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि १९३६ पासून दादरला शिशुविहारचे काम सुरू झाले.

खरी कसोटी लागली ती १९४५ नंतर बोर्डीला. शहरातली महागडी साधने तिथे परवडणार नव्हती. मग शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने झाली. दलित वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तिथे पुस्तकी मराठी बोलणाऱ्या शिक्षिकेपुढे वारली बोली बोलणारे मूल बसलेले. ते तोंड उघडते की नाही, यावरूनच बाईंचे काम जोखावे लागे. टाचणवहीचा तिथे काय उपयोग?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत चालवले.