रेव्हरंड जॉन केर

मुंबईहून लंडनशीं बोलणें आज नित्याचें झालें आहे. आपले शब्द समुद्रतळाशीं पसरलेल्या केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाशरूपानें जातात. ज्या एका शिक्षकाच्या शोधाचा या विद्येस उपयोग होत आहे, त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

जॉन केर यांचा जन्म स्कॉटलंडांतील आर्ड्रोसन येथें १७ डिसेंबर १८२४ रोजीं झाला. वडील मासळीचे व्यापारी होते. ग्लासगो विश्वविद्यालयांत त्यांस विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांच्या तळघरांतील प्रयोगशाळेंत काम करावयास मिळालें. नंतर त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास केला. परंतु मंडळीचें पाळकपण न पत्करितां १८५७ सालीं ते ग्लासगोंतील फ्री चर्चच्या शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयांत गणिताचे अध्यापक झाले. भावी शिक्षकांस शिकविण्याचें हें काम त्यांनीं १९०१ पर्यंत, ४४ वर्षें, निष्ठेनें केलें.

शिकवून उरलेला वेळ ते आपल्या लहानशा प्रयोगशाळेंत घालवीत. चुंबकाचा परिणाम प्रकाशावर होतो, हें फॅरेडे यांनीं १८४५ सालीं दाखविलें होतें. विजेचा परिणाम मात्र त्यांस आढळला नव्हता. केर यांनीं जाड काचेस दोन बाजूंनीं भोंकें पाडून त्यांत तारा बसविल्या व ती काच दोन निकोल लोलकांमध्यें ठेविली. लोलक असे फिरविले कीं, पलीकडे अंधार दिसावा. तारांस उच्च दाबाची वीज जोडतांच त्या अंधारांत हळूहळू प्रकाश उमटला! विजेच्या ताणानें काचेचा गुण पालटला होता. हा शोध १८७५ सालचा. पुढें द्रवांतही त्यांनीं तोच परिणाम दाखविला.

१९६० सालीं लेसर निर्माण झाल्यावर दिसून आलें कीं, प्रखर प्रकाशही आपल्या अंगच्या विद्युत्-क्षेत्रानें काचेचा गुण असाच पालटतो. आतां प्रकाशानें वार्ता धाडण्याच्या रीती अनेक आहेत. एकींत प्रकाश लावणें व मालवणें हाच संकेत असतो. दुसरींत प्रकाश अखंड राहतो, पण त्याची लाट किंचित् मागें-पुढें सरकविली जाते. एका जाळ्यांतून दुसऱ्यांत जातांना कधीं रीत बदलावी लागते. त्यासाठीं सामान्यतः प्रकाशाची वीज व विजेचा पुन्हां प्रकाश करितात. परंतु लुकलुकणारा प्रखर प्रकाश व दुसरा अखंड प्रकाश एकाच तंतूंतून सोडले, तर पहिल्याच्या प्रत्येक झळकीसरशी काच क्षणभर पालटते आणि दुसऱ्याची लाट तितकी सरकते. पहिल्याची वार्ता अशी दुसऱ्यांत उतरते; मध्यें विजेची गरज राहत नाहीं. प्रयोगशाळांत हें करून दाखविलें गेलें आहे.

केर यांस १८९० सालीं रॉयल सोसायटीचें सदस्यत्व व १८९८ सालीं तिचें रॉयल पदक मिळालें. ऑगस्ट १९०७ मध्यें ते ग्लासगो येथें प्रभूकडे गेले. आपल्या शोधाचें हें फळ त्यांनीं पाहिलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, साधनें थोडीं व वेळ अपुरा, ही तक्रार त्यांसही करितां आली असती. त्यांनीं ती न करितां काचेचा तो तुकडा हातीं घेतला.