आकाशातल्या किरणांचा ध्यास

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते, नाहीतर तो विमान अपघात. त्यांचं पहिलं वेड मात्र आकाशातून येणाऱ्या किरणांचं होतं.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत, सुखवस्तू पारशी घरात ते जन्मले. मुलानं केंब्रिजला इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं, असं घरच्यांनी ठरवलेलं. बारावीच्या निकालानंतर आपल्याकडे पालीत, बीडमध्ये घरोघरी चालतं ना, अगदी तेच! होमींचा ओढा पदार्थविज्ञानाकडे. वडिलांनी तोड काढली : इंजिनिअरिंगला पहिला वर्ग आण, मग गणित शिकायचा खर्च मी करतो. १९३० मध्ये मुलानं पहिला वर्ग आणला. वडिलांनीही शब्द पाळला, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

१९३७ मध्ये त्यांनी हाइटलर यांच्यासोबत एक कोडं सोडवलं. जोरकस गॅमा किरण हवेत शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, ती जोडी पुन्हा गॅमा किरण सोडते, त्यातून पुन्हा जोड्या. ज्वारीच्या एका दाण्याचं कणीस व्हावं, कणसाचं शेत, तसा कणांचा पाऊसच पडतो.

१९३९ ला ते सुट्टीवर आले, युद्ध पेटलं आणि परतणं राहिलं. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडच्या बंगल्यात आली. लग्न केलं नाही. चित्रं काढायची, संगीत ऐकायचं आणि काम.

हे किरण दिसत नाहीत, त्यांना वासही नाही. यंत्रात उमटलेल्या विजेच्या बारीकशा धक्क्यावरून ते ओळखायचे. अशी यंत्रं आपल्याच माणसांनी बनवावीत, हा भाभांचा हट्ट. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन उभं राहिलं ते त्यातूनच, पण ते बघायला ते नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळलं. वय अवघं छप्पन्न.

१९६२ मध्ये परळचं टाटा हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे आलं, तेव्हा खात्याचे सचिव भाभाच होते. कॅन्सरच्या बायकांना कोबाल्टच्या यंत्रातून शेक देतात ना, तो गॅमा किरणांचाच. आपल्या देशी यंत्राचं नावच मुळी भाभाट्रॉन.

आणि लडाखमध्ये हानले इथं, सुमारे ४३०० मीटर उंचीवर, ऑक्टोबर २०२४ मध्ये मेस दुर्बिणीचं उद्घाटन झालं. आरसा २१ मीटरचा, कॅमेऱ्यात १०८८ प्रकाशनळ्या. भाभांनी सांगितलेला तो कणांचा पाऊस हवेत पडताना निळसर चमक उठते, सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती. ताऱ्यांच्या उजेडातून ती वेगळी काढायची आणि ठेवायची की सोडायची, हे यंत्राला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. नंतर बघू म्हणून चालत नाही, तोवर ती विझलेली असते.