फ्रँक रॅट्रे लिली

फ्रँक रॅट्रे लिली (२७ जून १८७०, टोरोंटो – ५ नोव्हेंबर १९४७, शिकागो) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ व भ्रूणविज्ञानतज्ज्ञ होते. गर्भावस्थेतील लिंगविकासावर संप्रेरकांचा परिणाम होतो, हे त्यांनी गुरांच्या अभ्यासातून दाखवून दिले.

शिक्षण व कार्य

टोरोंटो विद्यापीठातून १८९१ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी चार्ल्स ओटिस व्हिटमन यांच्या मार्गदर्शनाखाली गोड्या पाण्यातील शिंपल्याच्या भ्रूणविकासावर संशोधन केले. १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १९०० पासून ते तेथेच अध्यापन करीत होते. १९०८ मध्ये ते वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक झाले. कोंबडीच्या पिलाच्या भ्रूणविकासावरील त्यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हे त्यांचे ख्यातनाम विद्यार्थी होत.

फ्रीमार्टिनविषयक संशोधन

गाईला नर-मादी जुळे झाल्यास त्यांतील कालवड बहुधा वांझ निघते. अशा कालवडीस फ्रीमार्टिन म्हणतात. पशुपालकांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. कारण मात्र अज्ञात होते. लिली यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांतून जुळ्या गर्भांसह गर्भाशये मिळवून त्यांची तपासणी केली. दोन्ही अंडाशयांत एकेक पीतपिंड आढळल्यास जुळे दोन स्वतंत्र अंड्यांपासून झाले, हे निश्चित होई. म्हणजे ही कालवड मुळात मादीच होती. जुळ्यांची गर्भावरणे लवकर एकमेकांस जुळून त्यांतील रक्तवाहिन्या जोडल्या जात. नराची वृषणे आधी कार्यरत होत असल्याने त्यांचे संप्रेरक रक्तावाटे मादीत पोहोचते व तिच्या जननेंद्रियांचा विकास रोखते, असे अनुमान त्यांनी काढले. रक्तवाहिन्या जोडल्या गेल्या नव्हत्या, तेथे मादी गर्भ प्राकृत आढळला. या अपवादाने अनुमानास बळकटी आली. हे संशोधन १९१६ व १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हिएन्नातील केलर व टांडलर हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आले होते.

उत्तरायुष्य व प्रभाव

१९३० मध्ये स्थापन झालेल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९३५ ते १९३९ या काळात त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद भूषविले. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड जोस्त यांनी सशांच्या गर्भांवर प्रयोग करून वृषणांतून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी एक स्राव येतो, असे दाखविले. तो स्राव मादीचे गर्भाशय ज्या नलिकांपासून घडते त्यांची वाढ थांबवितो. फ्रीमार्टिनच्या वंध्यत्वात त्याचाच मोठा वाटा असल्याचे नंतर स्पष्ट झाले. लिली यांच्या स्पष्टीकरणाचा तपशील त्यामुळे बदलला. रक्तावाटे येणाऱ्या संप्रेरकाचे मूळ सूत्र मात्र टिकून राहिले.