श्रेय नाकारलेला संशोधक

कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एका मुलीचा जन्म झाला. दिवस दुर्गापूजेचे होते, म्हणून तिला 'दुर्गा' हे नाव मिळाले. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा जेमतेम सत्तर दिवस झाले होते. दुर्गा ही भारतातील पहिली. मात्र, हे श्रेय डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना हयातीत लाभले नाही.

हजारीबाग येथे १९३१ मध्ये जन्मलेल्या मुखोपाध्याय यांनी कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेतले. तेथे एक पीएच.डी. मिळवल्यावर एडिंबरा विद्यापीठातून १९६७ मध्ये त्यांनी दुसरी संपादन केली. त्यांची पद्धत इंग्लंडमधील संशोधकांहून निराळी होती. तेथे नैसर्गिक मासिक चक्रातील एकच स्त्रीबीज दुर्बिणीच्या साहाय्याने पोटातून काढण्यात आले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन एकाच चक्रात अनेक स्त्रीबीजे पक्व केली व ती योनिमार्गाने काढली. फलनानंतर बीजाच्या दोन, चार, आठ पेशी होतात. या आठ पेशींच्या अवस्थेतील भ्रूण त्यांनी गोठवून ५३ दिवस राखला आणि पुढील एका चक्रात, संप्रेरकांचा परिणाम ओसरल्यावर, मातेच्या गर्भाशयात सोडला. गोठवलेल्या भ्रूणापासून अन्यत्र मूल जन्मले ते थेट १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियात.

राज्य सरकारने नेमलेल्या समितीने मात्र हा दावा फेटाळला. समितीचे अध्यक्षपद एका रेडिओ-भौतिकशास्त्रज्ञाकडे होते, हे विशेष! पुढे जपानमधील परिषदेस जाण्याची परवानगीही सरकारने नाकारली. जून १९८१ मध्ये, संप्रेरकांच्या या अभ्यासकाची बदली झाली ती नेत्रविज्ञान संस्थेत. त्याच महिन्याच्या १९ तारखेला त्यांनी जीवनयात्रा संपवली.

पाच वर्षांनी, ऑगस्ट १९८६ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि देशातील पहिली म्हणून तिची नोंद झाली. हा मान आनंदकुमार यांना निर्वेधपणे मिरवता आला असता. परंतु १९९७ मध्ये कोलकात्यास गेले असता मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. ती तपासून, दुर्गेच्या कुटुंबीयांशी बोलून त्यांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स' नियतकालिकात लेख लिहिला आणि पहिलेपणाचा मान स्वतःहून मुखोपाध्याय यांना दिला. तेव्हा दुर्गा अठरा वर्षांची होती.